गर्दीचा दिग्दर्शक

लीनो ब्रोका या फिलिपिनो दिग्दर्शकानं 1970 ते 1991 या एकवीस वर्षांत साठहून अधिक चित्रपट केले. वर्षाला सरासरी तीन पडतात. त्यातले सहा-सात जगभरच्या महोत्सवांत दाखवले जातात, अभ्यासक त्यांच्यावर लिहितात, फिलिपिनो सिनेमाचा विषय निघाला की तीच नावं पुढे येतात. बाकीचे पन्नासेक चित्रपट ‘पोटासाठी केलेले’ म्हणून बाजूला सारायची पद्धत आहे. एकाच पुरुषापायी समोरासमोर आलेल्या मायलेकी, भावाभावांतलं वैर, अत्याचार करणाऱ्यांना एकेक करून गाठणारी मुलगी, असे त्यांचे विषय. थेटरात हुंदके ऐकू यावेत अशीच त्यांची बांधणी.

मला ही वाटणी पटत नाही. ब्रोका समजून घ्यायचा तर त्याचं सगळं काम एका रांगेत मांडून बघावं लागतं, कारण त्याची लढाई एकच होती. दिवसभर राबून संध्याकाळी तिकीट काढणारा जो माणूस आहे, त्याच्याशी बोलायचं, त्याला हळूहळू आपल्याकडे वळवायचं, आणि त्याच्याच जगण्याबद्दल त्याला खरं सांगायचं. हुकूमशहाशी ब्रोकाचं जे भांडण झालं तेही या माणसापर्यंत काय पोचू द्यायचं यावरूनच झालं.

कातालिनो ऑर्तिझ ब्रोका हे त्याचं पूर्ण नाव. जन्म 3 एप्रिल 1939 चा, लुझोन बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या सोर्सोगोन प्रांतात, पिलार नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी. वडील होड्या बांधायचे, आई शाळेत शिकवायची. लीनो लहान असतानाच वडिलांचा राजकीय वैरातून खून झाला. आई दोन मुलांना घेऊन आपल्या नातेवाइकांकडे, नुएवा एसिहा प्रांतातल्या सान होसेला गेली. दुसऱ्याच्या दारात वाढणाऱ्या पोराच्या वाट्याला काय येतं हे वेगळं सांगायला नको. पडेल ते काम करत तो शिकला, आणि गावातल्या थेटरात लागणारे अमेरिकी चित्रपट त्यानं अधाशासारखे पाहिले. त्याच्या चित्रपटांतली छोटी गावं, त्यातल्या कुजबुजणाऱ्या बायका, चर्चच्या पायऱ्या, सगळ्यांना सगळं ठाऊक असूनही कोणी काही न बोलणं, हे सान होसेचंच देणं आहे.

शिष्यवृत्ती मिळवून तो युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्समध्ये आला. आधी वकिलीच्या वाटेवर होता, मग इंग्रजी साहित्याकडे वळला. विद्यापीठाच्या नाट्यमंडळात शिरायची त्याची धडपड होती, पण तिथली नाटकं इंग्रजीत होत आणि याचे उच्चार गावाकडचे. त्यामुळे वाट्याला आली ती पडद्यामागची कामं. ज्या देशात तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं आणि त्यापाठोपाठ 1946 पर्यंत बहुतेक काळ अमेरिकेचं राज्य होतं, तिथं उच्चारांवरून माणसाची पायरी ठरत असे. पुढे ब्रोकानं आयुष्यभर तागालोगमध्ये, बाजारात आणि वस्तीत बोलल्या जाणाऱ्या बोलीत चित्रपट केले, त्यामागे हे एक कारण असावं असं मला नेहमी वाटतं.

त्यानंतर त्याच्या आयुष्यात एक अनपेक्षित वळण आलं. कॅथलिक देशातला हा मुलगा मॉर्मन पंथात गेला आणि धर्मप्रचारक म्हणून हवाई बेटांवर पोचला. तिथं मोलोकाई बेटावरच्या कालाउपापा या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत त्यानं काम केलं. एकोणिसाव्या शतकात फादर डेमियन यांनी जिथं सेवा करता करता स्वतः कुष्ठरोग ओढवून घेतला आणि देह ठेवला, तीच ही वसाहत. नंतर तो सॅन फ्रान्सिस्कोत किरकोळ कामं करत राहिला आणि साठच्या दशकाच्या अखेरीला मायदेशी परतला. अमेरिकेत कायमचं राहणं जमलं असतं, अनेक फिलिपिनो तरुणांचं तेच स्वप्न असे. ब्रोकाला ते नको होतं.

महाराष्ट्राशी त्याचा एक धागा इथंच जुळतो. 1985 च्या रॅमन मॅगसेसे पुरस्कारांच्या यादीत लोकसेवेसाठी बाबा आमटे यांचं नाव आहे, आणि पत्रकारिता, साहित्य व सर्जनशील संवादकलांच्या विभागात लीनो ब्रोकाचं. वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांना सोबत घेऊन आनंदवन उभं करणारा माणूस, आणि मोलोकाईच्या कुष्ठरोग्यांत राहून आलेला दिग्दर्शक. बाबांनी कुष्ठरोग्याच्या हाताला काम दिलं. ब्रोकानं त्याला गोष्टीच्या मध्यभागी आणून बसवलं, आणि तेही चालणाऱ्या, गर्दी खेचणाऱ्या चित्रपटात.

परतल्यावर त्याला घर सापडलं ते नाटकात. 1967 साली सेसिल गिदोते यांनी फिलिपीन एज्युकेशनल थिएटर असोसिएशन, म्हणजे ‘पेटा’, ही संस्था सुरू केली होती. मनिलातल्या जुन्या स्पॅनिश किल्ल्याच्या, फोर्ट सांतियागोच्या, पडक्या भिंतींत तिचं उघड्यावरचं रंगमंदिर होतं. तागालोग नाटकं, दूरदर्शनसाठी नाट्यमालिका, नटांची शिबिरं असं सगळं तिथं चाले. लष्करी कायदा आल्यावर गिदोते यांना देश सोडावा लागला आणि पेटाची धुरा ब्रोकाकडे आली. त्याच्या चित्रपटांतल्या छोट्यात छोट्या भूमिकेतला माणूसही खरा वाटतो, त्याचं रहस्य या तालमींत आहे. मारिओ ओ’हारासारखा लेखक-नट त्याला इथंच भेटला.

पहिला चित्रपट ‘वॉन्टेड: परफेक्ट मदर’ 1970 चा. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ची गोष्ट आणि स्थानिक चित्रकथा यांची मिसळ. तो चालला. पाठोपाठ लिया प्रॉडक्शन्ससाठी त्यानं धडाधड चित्रपट केले. त्यातला 1971 चा ‘तुबोग सा गिंतो’ आजही धाडसी वाटतो. बायको-मुलं असलेला प्रतिष्ठित उद्योजक, त्याचं पुरुषांविषयीचं दडवलेलं आकर्षण, आणि त्यावरून त्याला नाडणारा तरुण, अशी ती गोष्ट. ब्रोका स्वतः समलिंगी होता आणि ते त्यानं लपवलं नाही. 1988 च्या ‘माचो डान्सर’मध्ये मनिलाच्या बारमध्ये नाचणाऱ्या, देह विकणाऱ्या तरुणांकडे तो पुन्हा वळला. दोन्ही चित्रपट नेहमीच्या बाजारात विकले जातील असेच बेतले होते. वर्ज्य विषय थेटरात नेण्याचा त्याला तोच मार्ग दिसत होता.

निर्मात्यांशी त्याचा एक अलिखित व्यवहार ठरून गेला: तुमच्यासाठी काही चित्रपट करतो, मग एक माझ्या मनाचा. हा व्यवहार त्यानं कधी लपवला नाही. पण निर्मात्यासाठी केलेल्या चित्रपटातही नटांकडून तो तितकंच कसून काम करून घेई आणि झोपडीतली भिंत झोपडीतलीच दिसेल याची काळजी घेई. त्याचं म्हणणं होतं की चांगला प्रेक्षक आयता मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि जो प्रेक्षक आज आहे त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

सप्टेंबर 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. वर्तमानपत्रं बंद झाली, विरोधक तुरुंगात गेले, सेन्सॉर मंडळात लष्करी अधिकारी येऊन बसले. ‘नवा समाज’ ही सरकारची घोषणा होती. अशा दिवसांत ब्रोकानं मित्रांना जमवून सिनेमनिला ही स्वतःची कंपनी काढली आणि 1974 मध्ये ‘तिनिम्बांग का न्गुनित कुलांग’ केला. बायबलमधल्या दानिएलच्या ग्रंथावरून घेतलेलं हे नाव: तुला तोललं आणि तू कमी भरलास.

गोष्ट छोट्या गावातली. कुआला नावाची वेडसर बाई रस्त्यावर फिरते. तिच्या वेडामागे एक जबरदस्तीचा गर्भपात आहे, आणि तो करवणारा माणूस आज गावात मानानं वावरतो. बेर्तो नावाचा कुष्ठरोगी तिला आपल्या खोपटात आसरा देतो. या दोघांशी दोस्ती करणारा शाळकरी ज्युनियर हा त्याच प्रतिष्ठित माणसाचा मुलगा. कुआलाला दिवस जातात तेव्हा गावातल्या धर्मशील बायकांना अचानक तिच्या पापाची काळजी वाटू लागते. शेवटी बेर्तो गोळी लागून मरतो, कुआला बाळंतपणात जाते, आणि ज्युनियर ते तान्हं मूल उचलून जमलेल्या गावातून चालत जातो. लोलिता रॉड्रिगेझची कुआला आणि मारिओ ओ’हाराचा बेर्तो बघताना एक गोष्ट लक्षात येते. बेर्तोच्या चेहऱ्यावरचे व्रण दाखवायला कॅमेरा हपापलेला नाही. तो बेर्तोला काम करताना, चिडताना, प्रेमात पडताना बघतो. हा नजरेतला सवयीचा साधेपणा मोलोकाईत राहिलेल्या माणसाचा आहे. चित्रपटानं गर्दी खेचली, आणि फिलिपीन्सच्या फमास पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच ठरला.

त्यानंतर आला ‘मायनिला: सा म्गा कुको न्ग लिवानाग’. साल 1975. एदगार्दो रेयेस यांची मूळ कादंबरी साठच्या दशकात ‘लिवायवाय’ या लोकप्रिय साप्ताहिकात क्रमशः आली होती. क्लोदुआल्दो देल मुन्दो यांनी पटकथा लिहिली. निर्माता आणि छायालेखक होता माइक दे लिऑन, एलव्हीएन या जुन्या स्टुडिओच्या मालकीणबाईंचा नातू, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला.

मारिंदुके बेटावरचा कोळी तरुण हुलिओ आपल्या प्रेयसीला, लिगायाला, शोधत मनिलात आला आहे. शिक्षण आणि नोकरी देते म्हणून एक बाई तिला घेऊन गेली आणि तिची पत्रं थांबली. चित्रपट सुरू होतो तो कृष्णधवल दृश्यांनी: चिनी वस्तीतली पहाट, बंद दुकानं, हातगाड्या, झाडू. हुलिओ दिसतो तसा पडद्यावर रंग येतो. मिसेरिकोर्दिया आणि ओंगपिन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभा राहून तो वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघतो आहे. पैसे संपल्यामुळे त्याला इमारतीच्या कामावर मजूर म्हणून लागावं लागतं.

त्या बांधकामावरचा पगाराचा दिवस नीट बघण्यासारखा आहे. हजेरीपटावर मजुराच्या नावापुढे एक रक्कम लिहिलेली असते, हातात त्याहून कमी पडते, आणि सही मात्र पूर्ण रकमेवर करायची. मधला फरक मुकादमाच्या खिशात जातो. कधी मुकादम सांगतो की अजून पैसे आलेले नाहीत. ज्याला थांबणं शक्य नाही त्याला त्याचाच पगार उचल म्हणून देतो आणि त्यावर व्याज कापून घेतो. बांधकामावरच्या मजुरांच्या बोलीत या पद्धतीला ‘तायवान’ म्हणतात. ब्रोका हे सगळं भाषण न ठोकता, कोण कुठं उभं आहे आणि कोणाची नजर कुठं आहे एवढ्यावर सांगतो. हुलिओ बोलून दाखवत नाही, पण शेजारच्या मजुराकडे बघतो. तो खांदे उडवतो, म्हणजे इथं असंच असतं. थेटरात बसलेल्या मजुराला पुढचं समजावून द्यायची गरज नव्हती. मुंबईच्या नाक्यावर उभं राहणाऱ्यालाही नाही.

याच कामावर एक मजूर वरून कोसळून मरतो. हुलिओचा मित्र आतोंग मुकादमाच्या कारस्थानानं तुरुंगात जातो आणि तिथंच त्याचा अंत होतो. त्याची झोपडी जळते, बहिणीला देह विकायची पाळी येते. एकापाठोपाठ एक कोसळणारी ही दुःखं कोणाला अतिरेकी वाटतील. ब्रोका ती एकाच शहराच्या, एकाच व्यवहाराच्या साखळीत ओवतो, म्हणून ती नशिबाची वाटत नाहीत. मात्र एक दोष मला कायम सलतो. लिगायाला कोंडून ठेवणारा चिनी व्यापारी फार एकरंगी खलनायक आहे. फिलिपीन्समधल्या चिनी समाजाविषयी आधीच असलेल्या रागाला त्यानं खतपाणी मिळतं, आणि मुकादमाकडे इतक्या बारकाईनं बघणाऱ्या दिग्दर्शकाकडून ते अपेक्षित नव्हतं.

कथा 1970 सालात, म्हणजे लष्करी कायद्याच्या आधी घडते असं दाखवलं आहे. सेन्सॉरच्या दृष्टीनं ही पळवाट होती, आणि ती सगळ्यांना कळत होती. शेवटी बर्फ फोडायचा टोच्या घेऊन हुलिओ सूड उगवतो आणि चवताळलेला जमाव त्याला गल्लीत कोंडतो. बेम्बोल रोकोचा तो किंकाळी फोडणारा चेहरा पडद्यावर गोठून राहतो. जमावातली माणसं हुलिओसारखीच आहेत, हे बघणाऱ्याला त्या क्षणी टोचतं.

पुढचं वर्ष ‘इन्सिआंग’चं. ऑक्टोबर 1976 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची वार्षिक बैठक मनिलात भरली. इमेल्डा मार्कोस तेव्हा महानगर मनिलाच्या गव्हर्नर होत्या. पाहुण्यांसाठी भव्य अधिवेशन केंद्र बांधलं गेलं, आलिशान हॉटेलं उठली, आणि ज्या रस्त्यांवरून मोटारी जाणार त्यांच्या कडेच्या झोपडपट्ट्यांसमोर पांढऱ्या रंगाच्या भिंती उभ्या राहिल्या. सिनेमानं देशाचं सुंदर, मंगल रूप दाखवावं असा मार्कोस दांपत्याचा आग्रह असे. त्याच वर्षी ब्रोका मनिलातल्या तोन्दोच्या झोपडपट्टीत कॅमेरा घेऊन शिरला, आणि डिसेंबरमध्ये मनिलाच्याच महोत्सवात ‘इन्सिआंग’ दाखवला गेला.

पहिलं दृश्य कत्तलखान्यातलं. टांगलेली डुकरं, गळ्यात घुसणारी सुरी, उकळतं पाणी, सोललेली धडं. दादो नावाचा गुंड तिथं कामाला आहे. तिथून आपण तोन्दोत येतो: चिखल, पाण्याच्या रांगा, एकमेकांना चिकटलेल्या खोल्या. मासळी विकणारी तोन्या नवऱ्यानं टाकलेली आहे. जवान दादोला घरात ठेवण्यासाठी ती नवऱ्याच्या आश्रित नातेवाइकांना भांड्याकुंड्यांसह बाहेर काढते. घरात उरते लोकांचे कपडे धुणारी मुलगी, इन्सिआंग. दादो तिच्यावर बलात्कार करतो. आई त्याच्यावर विश्वास ठेवते. ज्याच्या भरवशावर सुटू पाहावं तो प्रियकर एका रात्रीनंतर तिला लॉजमध्ये सोडून पळतो. मग इन्सिआंग दादोलाच आपल्या नादी लावते, त्याच्याकरवी त्या प्रियकराला तुडवून घेते, आणि शेवटी आईच्या हातून दादोचा खून होईल असा डाव टाकते.

कागदावर हा निव्वळ भडक मसाला आहे. पडद्यावर तो तसा राहत नाही, कारण तिथं जागाच नाही. आई आणि दादो एका अंथरुणात, मुलगी हाताच्या अंतरावर, आणि मध्ये आडोसा म्हणावं असं काही नाही. तोन्याचा संताप, तिची वासना, मुलीविषयीचा मत्सर हे सगळं त्या दहा-बारा फुटांच्या खोलीत कोंडलेलं आहे. सरकारनं बाहेरून भिंत बांधली होती, आत माणसांना भिंत मिळत नव्हती. तोन्याचं काम केलं आहे मोना लिसा या तिथल्या जुन्या जमान्यातल्या नायिकेनं, आणि इन्सिआंगचं हिल्डा कोरोनेलनं. तुरुंगाच्या भेटीत मुलगी आईला मिठी मारते आणि आईचे हात उठत नाहीत. हिल्डाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते सुडाच्या चित्रपटांत सहसा दिसत नाही. सूड पुरा झाला, आणि तिला हवी होती ती आई मिळाली नाहीच.

थेटरांत ‘इन्सिआंग’ चालला नाही. पण फ्रेंच सिनेमाप्रेमी पिएर रिस्सिआं यांनी ब्रोकाला हेरलं, आणि 1978 मध्ये कान महोत्सवाच्या ‘दिग्दर्शकांचा पंधरवडा’ या विभागात ‘इन्सिआंग’ पोचला. कानला गेलेला हा पहिला फिलिपिनो चित्रपट. दोन वर्षांनी ‘जगुआर’ थेट मुख्य स्पर्धेत. निक होआकिन यांच्या एका वृत्तलेखावरून होसे लाकाबा आणि रिकी ली यांनी त्याची पटकथा लिहिली होती. मालकाच्या मैत्रीला भुलणारा आणि त्याच्यासाठी खून करून बसणारा रखवालदार हा त्याचा नायक. पुढे ‘बोना’. किआपोच्या काळ्या येशूच्या मिरवणुकीतल्या रेटारेटीनं सुरू होणारा हा चित्रपट एका दुय्यम नटावर भाळून त्याच्या झोपडीत मोलकरणीसारखी राबणाऱ्या मुलीचा आहे. ती भूमिका केली नोरा औनोरनं, जी त्या काळात देशाची सर्वांत लाडकी नटी होती आणि जिच्या मागे चाहत्यांचे लोंढे धावत. निर्मितीही तिचीच. आपल्याच चाहत्यांच्या भक्तीचं असं रूप पडद्यावर मांडायला तिनं ब्रोकाला पैसे दिले, ही गोष्ट मला थोर वाटते.

कानमुळे ब्रोकाला एक ढाल मिळाली. जगाच्या नजरेत असलेल्या माणसाला गुपचूप गायब करणं अवघड जातं.

21 ऑगस्ट 1983 रोजी विरोधी नेते बेनिग्नो अकिनो परदेशातून परतले आणि मनिलाच्या विमानतळावर गोळी घालून त्यांना मारण्यात आलं. लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सेन्सॉरचे अधिकार वाढवण्याच्या विरोधात कलावंत एकवटले होते. त्यातून ‘कन्सर्न्ड आर्टिस्ट्स ऑफ द फिलिपीन्स’ ही संघटना उभी राहिली आणि ब्रोका तिच्या अग्रभागी होता. मोर्चे, सभा, संपकऱ्यांच्या फाटकावरची पथनाट्यं यांत तो दिसू लागला.

‘बायान को: कापित सा पातालिम’ या दिवसांतला. तुरिंग छापखान्यात कामाला आहे. बायको गरोदर, पैशाची निकड. मालक पैसे द्यायला तयार आहे, पण संघटनेत जाणार नाही अशा कागदावर सही घेऊन. मग संप होतो. तुरिंग कामावर जातो आणि सोबत्यांच्या नजरेतून उतरतो. बायको बाळंत होते, आणि बिल भरल्याशिवाय इस्पितळ बायको आणि बाळाला सोडत नाही. ओलीस धरलेली बाळंतीण सोडवायला हा माणूस मालकाच्या घरावर दरोडा घालायला निघतो, आणि शेवटी स्वतः लोकांना ओलीस धरून बसतो. बाहेर पोलिसांबरोबर टीव्हीचे कॅमेरे येतात. लाकाबा यांनी ही पटकथा खऱ्या घटनांवरून बेतली होती, आणि ब्रोकानं तिच्यात मनिलाच्या रस्त्यांवरच्या खऱ्या मोर्चांचं चित्रण मिसळलं. फ्रान्सच्या सहनिर्मितीमुळे चित्रपट सेन्सॉरला चुकवून देशाबाहेर गेला आणि 1984 च्या कान स्पर्धेत दाखल झाला.

मायदेशी सेन्सॉर मंडळानं ऑक्टोबर 1984 मध्ये ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का मारून वर काटछाट सांगितली. निर्माता, ब्रोका आणि लाकाबा सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच मंडळानं काटछाटीचा हट्ट सोडला, प्रौढांचा शिक्का मात्र ठेवला. जुलै 1985 च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की चित्रपट हे अभिव्यक्तीचं महत्त्वाचं माध्यम आहे, मंडळाचं काम वर्गवारीपुरतं आहे, आणि बंदी घालायची तर उघड व नजीकचा धोका दाखवून द्यावा लागेल. तरीही शिक्का रद्द करण्याइतकी मतं जमली नाहीत आणि याचिका फेटाळली गेली. हरलेला खटला, पण पुढच्या प्रत्येक फिलिपिनो चित्रपटकर्त्याच्या कामी आलेला.

हा खटला चालू असतानाच, 28 जानेवारी 1985 रोजी, ब्रोका तुरुंगात गेला. जीपनी चालकांनी संप पुकारला होता. जीपनी म्हणजे मनिलाच्या सामान्य माणसाचं रोजचं वाहन. संपाला पाठिंबा देणारी निदर्शनं पोलिसांनी उधळली आणि ब्रोकासह रंगकर्मी बेन सेर्वांतेस यांना पकडलं. बेकायदा जमावाचे म्होरके असा आरोप ठेवला. न्यायालयानं जामीन दिला तर सरकारनं राष्ट्राध्यक्षांचा प्रतिबंधात्मक अटकेचा हुकूम पुढे केला. त्याची मूळ प्रत कोणी दाखवेना. मग घाईघाईनं राजद्रोहाला चिथावणी दिल्याचे नवे आरोप आले. फेब्रुवारीच्या मध्यावर सुटका झाली, पण खटले लोंबकळत राहिले. सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केले डिसेंबर 1990 मध्ये, आणि सूडबुद्धीनं चालवलेला खटला न्यायालय थांबवू शकतं हा तो निकाल फिलिपीन्सच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. त्यात पहिलं नाव ब्रोकाचं आहे.

फेब्रुवारी 1986 मध्ये मार्कोस पळाले. नव्या अध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी राज्यघटना लिहायला जे मंडळ नेमलं, त्यात वकील, माजी न्यायाधीश, बिशप, प्राध्यापक यांच्याबरोबर हा सिनेमावालाही होता. भाषणाच्या आणि वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचं कलम जुन्या घटनेत होतंच. त्यात अभिव्यक्तीचा वेगळा उल्लेख हवा असा ब्रोकानं आग्रह धरला. चित्रपट, नाटक, चित्र, गाणं हे भाषणात मोडतं की नाही याचा वाद पुन्हा कोणी घालू नये म्हणून. सेन्सॉरशी झगडून आलेल्या माणसाला ही फट ठाऊक होती. 1987 च्या घटनेत तो उल्लेख आहे. पण मंडळाचं काम पुरं व्हायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, ब्रोका राजीनामा देऊन बाहेर पडला. जमीन आणि अर्थव्यवस्थेवरची कलमं गरिबांच्या आणि देशाच्या हिताची होत नाहीत असं त्याचं म्हणणं होतं. ज्या सरकारसाठी रस्त्यावर उतरलो त्याच्याशी इतक्या लवकर भांडणं सोपं नव्हतं. मित्रही नाराज झाले.

भांडण तिथं थांबलं नाही. 1989 चा ‘ओराप्रोनोबिस’ पुन्हा लाकाबांच्या लेखणीतून उतरला. नव्या राजवटीतही गावागावांत कम्युनिस्टविरोधी सशस्त्र टोळ्या मोकाट आहेत, सैन्याचा त्यांना आशीर्वाद आहे, आणि माणसं आधीसारखीच नाहीशी होतात, हे त्यात उघड मांडलं होतं. सुरुवातीच्या पाद्र्याच्या हत्येत 1985 साली मिंदानावमध्ये मारले गेलेले इटालियन धर्मगुरू तुलिओ फावाली आठवतात. फिलिप साल्वाडोरनं त्यात तुरुंगातून सुटलेला माजी पाद्री केला आहे, जो शांततेच्या वाटेवर विश्वास ठेवू पाहतो. कानमध्ये चित्रपट दाखवला गेला, मायदेशीच्या थेटरांत मात्र लागू शकला नाही. मार्कोसच्या काळात सेन्सॉरशी लढून त्यानं थेटरं मिळवली होती, लोकशाहीत ती मिळेनात. तरी दुसऱ्याच वर्षी ‘गुमापांग का सा लुसाक’ हा गल्लाभरू मेलोड्रामा करून, भ्रष्ट मेयर, त्याची ठेवलेली बाई आणि निवडणूक अशा मसाल्यात, हेच राजकारण त्यानं थेटरात नेलं. गर्दीपर्यंत पोचायची एक वाट बंद झाली की तो दुसरी काढत असे.

मे 1991 मध्ये क्वेझोन सिटीत मोटार अपघातात ब्रोका गेला. वय 52. 1997 साली त्याला मरणोत्तर ‘राष्ट्रीय कलावंत’ हा कलावंतांसाठीचा देशाचा सर्वोच्च किताब मिळाला.

त्याच्या चित्रपटांचं काय झालं हे मात्र काळजी वाटावी असं आहे. दमट हवा, बंद पडलेले स्टुडिओ, निगेटिव्ह सांभाळायला पैसा नाही, यामुळे फिलिपीन्सचा पुष्कळसा जुना सिनेमा नष्ट झाला. ‘मायनिला’ वाचला कारण त्याचं निगेटिव्ह लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे ठेवलेलं होतं. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या संस्थेच्या पुढाकारानं इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत तो दुरुस्त झाला आणि 2013 मध्ये कानला दाखवला गेला. 2015 मध्ये ‘इन्सिआंग’. 2024 मध्ये ‘बोना’, आणि त्याच वर्षी कानलाच मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं दुरुस्त केलेला, विजय तेंडुलकरांच्या लेखणीचा हात लागलेला ‘मंथन’ही होता. नोरा औनोर एप्रिल 2025 मध्ये गेली. आपली बोना पुन्हा झळाळून उठणं तिच्या हयातीत झालं, एवढं तरी बरं.

पण या यादीत परदेशी महोत्सवांत गेलेलेच चित्रपट आहेत. ज्यांना परदेशी महोत्सवांनी विचारलं नाही, त्यांच्यातल्या अनेकांच्या धड प्रतीही आज मिळत नाहीत. जत्रेतल्यासारख्या गर्दीत पाहिलेले, दूरदर्शनवर दुपारी लागून लागून झिजलेले ते रडके चित्रपट जपायला पैसा फारसा कोणी काढत नाही. तोन्दोतल्या बाईनं ‘इन्सिआंग’ बहुधा पाहिला नसेल, पण ब्रोकाचे ते इतर चित्रपट तिनं नक्की पाहिले असतील. त्यांतल्या भांडणाऱ्या मायलेकी, खोटं बोलणारे प्रतिष्ठित नवरे, पगार खाणारे मालक तिच्या ओळखीचे होते. ब्रोकानं आपला प्रेक्षक घडवला तो याच चित्रपटांतून. बोलोन्याच्या प्रयोगशाळेत पुढचे डबे जातील तेव्हा त्यांत हेही असायला हवेत.